बाटली उभी की आडवी?

दिंडोरी तालुक्यातील माझे आजोळ हे वारकऱ्यांचे घर. तीन पिढ्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवायची नाही आणि संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर घरातील एक तरी माणूस पंढरीला जाणारच, असा रिवाज. त्याच घराच्या मागील अंगाला, जेथे पूर्वी द्राक्षांच्या पेट्या भरल्या जात, त्या शेडमध्ये गेल्या फेब्रुवारीत मी हातात काचेचा पेला घेऊन उभा होतो. पेल्यात फिकट सोनेरी रंगाची वाइन होती. ती करणारा मामेभावाचा मुलगा समोर उभा होता आणि पुतण्या परीक्षेच्या निकालाकडे पाहतो तसा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. शेडच्या दारापर्यंत आलेली, पण उंबरा न ओलांडलेली मामी ओसरीच्या पायरीवर पाठमोरी बसली होती.

मामीच्या त्या पाठमोऱ्या बसण्याला इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी गावातील देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून ज्या बायांनी गाव पिंजून काढले, त्यांत मामी पुढे होती. आपल्या राज्यात त्यासाठी मतदानाची तरतूद आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकानाला कुलूप. महाराष्ट्रातील शेकडो गावांतील अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या माउल्यांनी हे चित्र ओळखले आणि संसार वाचविण्यासाठी बाटली आडवी केली. ज्या घरातील सासूने गावातली बाटली आडवी केली, त्याच घरातील नातू आता बाटल्या भरतो आहे. हा पेच केवळ माझ्या आजोळचा नाही. द्राक्ष पिकविणाऱ्या साऱ्या नाशिक जिल्ह्याचा तो पेच आहे, आणि आपल्यासारख्या ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांना वाइन म्हणजे दारू की फळाचा रस हे अजून ठरविता आलेले नाही, त्यांचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

द्राक्षाच्या वाटेने आलेले संकट

नाशिकच्या द्राक्षाला वाइनची वाट कशी सापडली, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फसफसणारी वाइन तयार केली, तेव्हा लोकांनी तो एका उद्योजकाचा छंद मानला. पुढे अमेरिकेतून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९९मध्ये नाशिकजवळ ‘सुला’ची वाइनरी उभी केली आणि २०००मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. त्यानंतर वर्षभरातच, २००१मध्ये, राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. बागायतदाराला सांगण्यात आले की, खाण्याच्या द्राक्षाचा भाव आज आहे, उद्या नाही. वाइनच्या द्राक्षाला मात्र करार आहे, भाव ठरलेला आहे, खरेदीदार दारात येणार आहे.

माझ्या मामेभावाने, ज्याला मी दादा म्हणतो, २००६मध्ये अडीच एकरांवर वाइनची द्राक्षे लावली. खाण्याची थॉमसन किंवा सोनाका निराळी आणि वाइनची द्राक्षे निराळी, हे शहरातील अनेकांना ठाऊक नसते. खाण्याचे द्राक्ष टपोरे, पातळ सालीचे, बिनबियांचे. वाइनचे द्राक्ष आकाराने लहान, जाड सालीचे, बियांचे. ते पाटीत ठेवून बाजारात नेले तर कोणी विचारणार नाही. याचा अर्थ असा की, ते लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात एकच गिऱ्हाईक उरते. त्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की घड वेलीवर सुकतात.

नेमके तेच झाले. २००८ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांनी हॉटेले व पर्यटन बसले. वाइनऱ्यांच्या टाक्यांत माल पडून राहिला. ज्या कंपनीशी दादाने करार केला होता तिने पहिल्या वर्षी पैसे थकविले, दुसऱ्या वर्षी माल उचललाच नाही. २०१०मध्ये दादाने दीड एकर बाग मुळासकट उपटली. चार वर्षांची वेल उपटताना माणसाला काय होते, हे ज्याने तारेवर वेल चढविली आहे त्यालाच कळते. उरलेला एक एकर वाचला तो केवळ उपटण्याच्या मजुरीला पैसे नव्हते म्हणून. जिल्ह्यात त्या काळात कित्येक बागायतदारांनी हेच केले. धोरण चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु करार मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा त्या धोरणात नव्हती, आणि जोखीम मात्र सगळी ज्याच्याकडे जमीन होती त्याच्याच माथी आली.

आज मी ज्या पेल्यातील वाइन चाखत होतो ती त्या वाचलेल्या एका एकराची होती. दादाच्या मुलाने शेतकी पदविका घेतली, एका मोठ्या वाइनरीत टाक्या धुण्यापासून सहा वर्षे काम केले आणि २०१९मध्ये घरच्या शेडमध्ये चार टाक्या बसविल्या. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. पहिल्या हंगामाची वाइन त्याने कोणाला विकली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तरीही तो टिकला. आता तो शेजारच्या चार-पाच बागायतदारांची द्राक्षेही विकत घेतो.

चार पेले

पेला हातात देण्यापूर्वी त्याने माझ्या पुढे घरातले जुने पितळी तस्त ठेवले. आजोबांच्या काळात पान खाणाऱ्या पाहुण्यांसाठी ते बैठकीत असे. वाइनची पारख करणारे लोक घोट गिळत नाहीत, तोंडात घोळवून थुंकून टाकतात, हे त्याच्याकडून कळले आणि मला, ज्याने पन्नाशी ओलांडेपर्यंत या वाटेला फारसे पाऊल ठेवलेले नाही, हायसे वाटले. पारख आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या तस्ताने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकले.

पहिला पेला शेनिन ब्लांचा. किंमत बाटलीला साडेपाचशे रुपये. ही मूळची फ्रान्समधील पांढऱ्या द्राक्षाची जात. नाशिकच्या काळ्या-तांबड्या जमिनीत ती चांगली रुजली आहे. नाकाशी नेताच पिकलेल्या पेरूचा वास आला, मागून मोसंबीच्या सालीचा. जिभेवर किंचित गोडी आणि तिच्या पाठोपाठ स्वच्छ आंबटपणा. बरोबर थाळीत नाशिकचा चिवडा होता. चिवड्याच्या तिखटाला त्या गोडीने सांभाळून घेतले. ही वाइन थोर नाही, पण नीटस आहे. सुगरणीच्या रोजच्या वरणाला आपण थोर म्हणत नाही, तरी ते बिघडले तर जेवण बिघडते, तशी.

दुसरी सोव्हिन्यों ब्लां, साडेसहाशेची. हिला ढोबळी मिरची नुकतीच चिरल्यासारखा हिरवा वास होता. तोंडात मात्र ती पाणचट वाटली. मी तसे म्हणालो. पुतण्याने मान खाली घातली आणि सांगितले की, त्या वर्षी तोडणीच्या आधी अवकाळी पाऊस झाला; मण्यांत पाणी भरले, साखर उतरली; आणखी आठ दिवस थांबलो असतो तर घड कुजले असते, म्हणून तोडले. परदेशी पुस्तकांतील वर्णनांपेक्षा हे उत्तर मला अधिक मोलाचे वाटले. बाटलीतल्या पाणचटपणाला एक तारीख होती, एक ढग होता.

तिसरी शिराझ, तांबडी, तीही साडेसहाशेची. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. हिचा वास घेताना मला कसलेही परदेशी फळ आठवावे लागले नाही. जांभूळ, त्याच्या मागे करवंद, आणि शेवटी भरडलेल्या काळ्या मिऱ्यांचा दरवळ. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आकसते तशीच आकसली. चारांतील ही मला सर्वांत आवडली. पण चिवड्याबरोबर ती अजिबात जमली नाही. तिखट आणि तुरट एकत्र आले की तोंडात आग होते. मिसळीच्या गावात तांबडी वाइन का रुजत नाही, याचे कारण एका घासात समजले.

चौथी बाटली त्याने जरा संकोचानेच पुढे केली. गोड, गडद, तीनशे रुपयांची. बाजारात जिला सर्रास ‘पोर्ट’ म्हणतात त्या जातीची. खोकल्याच्या औषधाची आठवण व्हावी अशी चव. “काका, ही मला स्वतःला आवडत नाही,” तो म्हणाला, “पण विकते हीच. हिच्यावर बाकीच्या तीन जगतात.” त्याच्या या प्रामाणिकपणापुढे मी काय बोलणार? वर्तमानपत्राच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे गणित नवे नव्हते.

किमतीची चव

मग त्याने एक खेळ केला. तीन बाटल्या कागदात गुंडाळून आणल्या आणि तिन्हींतील तांबडी वाइन मला, दादाला व नाशिकहून माझ्याबरोबर आलेल्या एका मित्राला दिली. एक त्याची स्वतःची, एक मोठ्या देशी कंपनीची, एक दोन हजार रुपयांची परदेशी. आम्ही तिघांनी तीन निराळे क्रम लावले. परदेशी वाइनला पहिला क्रमांक देणारा एकही नव्हता. कागद काढल्यावर मित्र म्हणाला, “आता पुन्हा द्या पाहू ती.” आणि लेबल पाहून घेतलेला दुसरा घोट त्याला एकदम उंची लागला!

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. २००८मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा किंमत दहा डॉलर सांगून आणि एकदा नव्वद डॉलर सांगून. नव्वद डॉलर ऐकलेल्यांना ती अधिक आवडली. इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखाची जाणीव टिपणाऱ्या भागाची हालचालही वाढलेली आढळली. म्हणजे किंमत ही जिभेच्याही आधी मेंदूला चढते. त्याच्याही आधी, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबले झाकून केलेल्या परीक्षेत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक मिळाला होता. नावे कळताच परीक्षकांची जी धांदल उडाली, ती आजही सांगितली जाते.

आपल्याकडे या आजाराला आणखी एक पदर आहे. जे परदेशी ते उंची आणि जे शेजारच्या तालुक्यातील ते हलके, ही समजूत आपल्या मनात खोल रुतलेली आहे. लग्नाच्या स्वागत समारंभात वा कंपनीच्या मेजवानीत परदेशी बाटली टेबलावर मिरविली जाते. निफाड-दिंडोरीची असेल तर तिचे लेबल भिंतीकडे फिरविले जाते. ज्यांना प्यायचीच आहे त्यांनी निदान डोळे मिटून प्यावी, एवढीच माझी सूचना! आणि चवीचे वर्णन करायचे तर ते जांभूळ, करवंद, पेरू, मिरे यांच्या भाषेत करावे. जी फळे आपण कधी चाखली नाहीत त्यांच्या नावांनी आपल्याच मातीतील रसाचे कौतुक करणे, ही बुद्धीची उसनवारी होय.

साडेपाचशे रुपये कोणाचे?

स्वस्त वाइन म्हणजे निकृष्ट, ही समजूत मोडायची तर तिच्या किमतीचा हिशेब मांडला पाहिजे. पाऊण लिटरच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. पुतण्याने यंदा शेजाऱ्यांना किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास भाव दिला. म्हणजे साडेपाचशेच्या बाटलीत द्राक्षाचे रुपये सुमारे पन्नास. काच, बूच, लेबल आणि खोका यांचा खर्च त्याहून जास्त. त्यावर टाक्या थंड ठेवण्याचे विजेचे बिल. कारण पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास सावकाश आंबवावी लागते, आणि नाशिकला मार्चमध्ये बाहेर पस्तीस अंश असतात. मग कर, परवाना, प्रत्येक लेबलाची नोंदणी आणि दुकानदाराचा वाटा.

महाग वाइन महाग का, याचेही उत्तर येथेच आहे. ओक लाकडाचे सव्वादोनशे लिटरचे एक फ्रेंच पिंप लाखाच्या घरात जाते. ज्याच्याकडे चारच टाक्या आहेत तो पिंपे आणणार कोठून? त्याची वाइन पोलादी टाकीतून सरळ बाटलीत येते. तिला लाकडाचा सुगंध नसतो, परंतु द्राक्षाचे दोष झाकायलाही काही नसते. पाऊस झाला तर पावसासकट ती समोर येते. स्वस्त वाइनचा प्रामाणिकपणा, असेल तर, तो यात आहे.

आणि लहान वाइनरीचे खरे संकट चवीचे नाही, दाराबाहेरचे आहे. महाराष्ट्राबाहेर विकायचे तर प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, लेबल नोंदणीचे शुल्क निराळे. मोठ्या कंपनीला ते परवडते. सहा हजार बाटल्या भरणाऱ्याला ते शुल्कच खाऊन टाकते. राज्यात वाइनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि त्यातील १६ टक्के उद्योजकाला परत देण्याची योजना आहे. परंतु परतावा वर्षानुवर्षे लांबला की मोठा थांबू शकतो, लहान नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२पासून अमलात आला. बाटलीमागे पाच डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या वाइनवरील दीडशे टक्के आयात शुल्क त्याने शंभरावर आणले आणि पुढील दहा वर्षांत ते पन्नासावर येणार आहे. पाच डॉलरच्या आतील बाटलीला सवलत नाही, म्हणून साडेपाचशेच्या शेनिनला तूर्त धक्का नाही. परंतु जो लहान उत्पादक एक पायरी वर चढू पाहील, त्याला त्या पायरीवर ऑस्ट्रेलियाची बाटली आधीच बसलेली आढळेल. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी हे गणित बारकाईने पाहावे.

दोन खोटी बोलणी

येथवर वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील. या पानांवर मद्याची तरफदारी? ती तरफदारी नाही, हे आता स्पष्ट करतो. कारण वाइनच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी खोटे बोलले जाते.

पहिले खोटे म्हणजे ‘वाइन ही दारू नव्हे’. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांतून व सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच युक्तिवाद मोठ्याने करण्यात आला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षाने विरोध केला आणि तो निर्णय बारगळला. तो बारगळला हे योग्यच झाले. साधे गणित पाहा. वाइनमध्ये मद्यार्क साधारण साडेबारा टक्के, व्हिस्कीत ४२.८ टक्के. पण दीडशे मिलिलिटरच्या एका वाइनच्या पेल्यात सुमारे एकोणीस मिलिलिटर मद्यार्क असतो आणि तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या लहान पेगमध्ये सुमारे तेरा. पेला पेल्याशी मोजला तर वाइन मागे नाही! तांबडी वाइन हृदयाला उत्तम, हेही १९९०च्या दशकापासून पसरविले गेलेले मिथक. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. मग जी वस्तू दूध-बिस्किटांच्या शेजारी मांडल्यावर मुलांना घरातील वस्तू वाटेल, ती तेथे नको. आपल्या संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाने राज्याला दाखविलेली दिशाही तीच आहे.

दुसरे खोटे म्हणजे ‘हे आपले नव्हेच, पाश्चात्त्यांचे खूळ आहे’. इतिहास असे सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि कापिशायन, हारहूरक ही नावे त्याला त्याच्या प्रदेशांवरून मिळाली असल्याची नोंद आहे. रसाला गावाचे नाव देण्याची जी पद्धत फ्रान्सची म्हणून आज जग ओळखते, ती कल्पना कौटिल्याला परकी नव्हती. आणि त्याच कौटिल्याने मद्याच्या विक्रीवर, ठिकाणावर व प्रमाणावर कडक नियंत्रणे घातली, हेही विसरता कामा नये. आपल्या घरातले कपाट उघडून पाहा. द्राक्षासवाची बाटली बहुतेक मराठी घरांत असते. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट धायटीच्या फुलांनी आंबवितात आणि त्यांत आपोआप मद्यार्क तयार होतो. ते आपण चमच्याने मोजून घेतो, म्हणून ते औषध. म्हणजे आपल्या परंपरेने वस्तूला नाकारले नाही; तिला मोजले. मर्यादा हाच आपल्याकडील मुख्य शब्द आहे, आणि बाजाराला नेमका तोच शब्द नको असतो.

मग करावे काय?

माझे म्हणणे एवढेच आहे की, वाइन ही दारू आहे हे निःसंकोचपणे मान्य करावे आणि त्यानंतर, तिच्यामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा विचार करावा. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. ज्याला प्यायची नाही त्याने ती प्यावी असा आग्रह कोणी धरू नये, शासनाने तर मुळीच नाही. परंतु जे पितात, त्यांचा पैसा कोठे जातो हे समाजाच्या विचाराचा विषय आहे.

नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा अर्थ लेबलावर उतरला पाहिजे. कोणत्या गावची द्राक्षे, कोणत्या हंगामाची, बाटली कोणी भरली, हे ठळक छापलेले असावे. लहान उत्पादकाने स्वतःच्या बागेच्या दारात, आपल्या नजरेसमोर विकावे यासाठी परवान्याचे शुल्क त्याच्या आकारमानानुसार असावे. किराणा दुकानाच्या फळीपेक्षा ही वाट समाजाच्या दृष्टीने सुरक्षित आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने फायद्याची. द्राक्षखरेदीचा करार मोडणाऱ्यावर कारवाईची सोय असावी, म्हणजे २०१०ची उपटणी पुन्हा पाहावी लागणार नाही. आणि द्राक्षप्रक्रिया म्हणजे केवळ वाइन नव्हे, याचेही भान हवे. सांगली-तासगावच्या बेदाण्याने हजारो घरे उभी केली आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. रस, बेदाणा आणि साली-बियांपासूनची उत्पादने यांनाही वाइनइतकेच धोरणात्मक पाठबळ मिळाले तर बागायतदाराच्या हातात एकापेक्षा अधिक गिऱ्हाइके राहतील. एकच गिऱ्हाईक असणे म्हणजे काय, ते दादाच्या उपटलेल्या बागेने सांगितले आहेच.

संध्याकाळी निघताना मामीने मला ओसरीवर बसवून घेतले. “तू शिकलेला आहेस, पेपरात लिहितोस. खरं सांग, ही दारूच ना रे?” पुतण्या दारात उभा होता. क्षणभर माझ्या मनात आले की फळाचा रस, शेतीपूरक उद्योग असले काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. पण त्या माउलीने गावातील दुकान बंद करण्यासाठी उन्हातान्हात पायपीट केली होती. मी म्हणालो, “हो मामी, दारूच.” पुतण्याचा चेहरा उतरला नाही, याचे मला समाधान वाटले. तो म्हणाला, “आजी, मी कधी नाही म्हटलं?”

मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग प्रथमच उठून शेडच्या दारात गेली आणि आत पाहू लागली. तांबड्या वाइनच्या बाटल्यांचे बूच सुकू नये म्हणून त्या नेहमी आडव्या रचून ठेवतात. भिंतीला लागून अशा पाच-सहाशे बाटल्या ओळीने निजल्या होत्या. “या तर साऱ्या आडव्याच आहेत रे,” ती म्हणाली आणि हसली. मग लगेच गंभीर होऊन नातवाला म्हणाली, “गावातल्या कोणाला विकायची नाही. उधारीवर तर नाहीच नाही. आणि ज्यांची द्राक्षं घेतोस त्यांचे पैसे दिवाळीच्या आत.”

सरकारी धोरणांची अनेक पाने मी आजवर वाचली आहेत. या तीन वाक्यांत जे होते ते मला त्यांत क्वचितच आढळले.